मिटून ठेवलेला डोळा

(डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता.)

डॉक्टर : परत वाचा बरं, काका. शेवटची ओळ.

सासरे : र, म, ळ, क, ग. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?

सून : थांबा, डॉक्टर. काहीतरी घोळ आहे. यांना घरात पाण्याचा तांब्या सापडत नाही. काल दारावर आपटले. न्हाणीघरापर्यंत मी हात धरून नेते.

डॉक्टर : उजव्या डोळ्याचं म्हणताय का?

सून : उजवा सात वर्षांपूर्वीच गेला. या डाव्यात तुम्ही औषधाची कांडी घातलीत ना, त्या दिवसापासून हे असं. मला वाटलं, कांडीनं हाही घालवला.

डॉक्टर : आतली सूज उतरलीय, नजर स्वच्छ आहे. मलाच काही उमजेना. काका, घरी दिसत नाही तुम्हाला?

सासरे : दिसेल कसं? मिटलेला असतो.

सून : काय मिटलेलं असतं?

सासरे : डोळा. काळ्या चष्म्याआड.

सून : चार महिने?

सासरे : जेवताना उघडायचो कधी कधी. ताटात माशी-बिशी असली तर.

सून : डोळे मिटून मांजर निदान दूध तरी पितं, बाबा.

डॉक्टर : पण का मिटायचा?

सासरे : चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. विकायला ठेवलेल्या घड्याळाची चावी आम्ही बाहेर ओढून ठेवतो. काटे थांबतात, सेल वाचतो. गिऱ्हाइकानं नेलं की चावी आत. तुम्ही म्हणालात, औषध चार महिने पुरेल. सूनबाईला तेव्हा चौथा संपत होता. म्हणजे बाळ यायच्या महिनाभर आधीच सगळं संपणार. म्हटलं, हातचं राखून ठेवू. बाळाचं तोंड बघायला लागेल.

सून : म्हणून मधल्या दोन तपासण्यांना आला नाहीत?

सासरे : या डॉक्टरबाई बॅटरी मारून इकडे बघा, तिकडे बघा करतात. आठवड्याचं औषध उडालं असतं. ते जाऊ द्या. किती उरलंय तेवढं सांगा.

डॉक्टर : काही उरलेलं नाही, काका.

सासरे : असं कसं? मी वापरलंच नाही.

डॉक्टर : ती कांडी विरघळणाऱ्या टाक्यांसारखी असते. डोळ्यातल्या पाण्यात आपली आपण झिजते, आणि झिजता झिजता औषध सोडते. साबणाची वडी पाण्यात पडून राहिली, तर कुणी हात धुवो न धुवो, ती विरघळतेच ना?

सासरे : मिटला तरी?

डॉक्टर : झोपलात तरी.

सासरे : म्हणजे काटे तेवढे थांबले. सेल चालूच.

डॉक्टर : हो.

सासरे : मग माझे ते चार महिने फुकट गेले, सूनबाई.

सून : एकदा मला विचारायचं तरी.

सासरे : दुसरी कांडी घाला. आजच.

डॉक्टर : सूज परत आली तर घालीन. आज डोळा चांगला आहे. महिनाभर असाच राहील का, ते मी सांगू शकत नाही. दर आठवड्याला दाखवून जा. आणि उघडा ठेवा.

सासरे : उघडा ठेवून बघू काय? बाळ कुठं आलंय अजून?

सून : चला. हात द्या. पुढे पायरी आहे.

सासरे : दिसतेय पायरी. थांब जरा. तुझ्या पायांना काय झालं? चपलेचा पट्टा रुतलाय पार.

सून : सूज आहे थोडी.

सासरे : कधीपासून?

सून : तीन महिने होतील, बाबा.