कंप्युटर क्लासातलं उदाहरण

मारेगावहून माही बदली काहून झाली, सांगू? कंप्युटर क्लासपायी!

आम्हा ऑफिसवाल्यायचा क्लास होता. मॅडम म्हणे, "सॉफ्टवेअरचे प्रकार ऑफिसातल्या माणसायवरून सांगा."

मी उठलो. "ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आपला शिपाई. त्यानं कुलूप उघडल्याबिगर काहीच चालू होत नाही. ॲप्लिकेशन म्हणजे आम्ही क्लार्क, खरं काम करणारे. अन् साहेब म्हणजे स्क्रीनसेव्हर. काम नसलं का मस्त चमकते, काम आलं का गायब!"

सारा क्लास हासला. तेवढ्यात मांगच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, फाईल इथून उचलून दुसरीकडे टाकते, ते कोणतं सॉफ्टवेअर?"

साहेब उशिरा येऊन मांगं बसलते, हे मले तवा समजलं.

सोमवारी मी झरी जामणीले हजर.