पोलंडहून आलेली बाटली

व्होडकाला वास नसतो, असं मी छातीठोकपणे सांगायचो. सतीशनं मला खोटं पाडलं. आमचा हा मित्र चार वर्षांनी पोलंडहून सुट्टीवर पनवेलला आला, तो एक बाटली घेऊनच. आत गवताची लांब काडी होती.

"हरेशच्या शेतावर बसून पिऊ," सतीश म्हणाला.

हरेश हसला. "शेतावरच बसू. फक्त पाच मजले चढावे लागतील."

शेत बिल्डरला दिल्याचं सतीशला कुणी कळवलंच नव्हतं. तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत आता हरेशचा फ्लॅट होता.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गच्चीवर बसलो. पहिल्या घोटानंतर सतीश म्हणाला, "तिथं ही प्यायलो की मला तुमचं खळं आठवायचं."

हरेशनं ग्लास हुंगला. खरंच, सुकलेल्या पेंढ्यासारखा वास होता. तो प्यायलाच नाही, ग्लास नाकाशी धरून बसला.

तेवढ्यात जिन्यात त्याच्या बाबांची चाहूल लागली. दारूला कधी न शिवलेला माणूस! बाटली लपवायच्या गडबडीत माझा ग्लास तापलेल्या लादीवर सांडला.

बाबा दारातच थांबले. दोनदा खोल श्वास घेतला. मग कठड्याशी जाऊन त्यांनी खाली चहूकडे पाहिलं. नुसत्या इमारती होत्या.

"हरेश, भात कुनी झोडलाय रे?"

"कुनी नाय, बाबा."

"वास तर येतोय," ते म्हणाले, आणि कठडा धरून तिथंच उभे राहिले.