फ्यूजच्या जागी बल्ब

लेक : पुन्हा उडाला, दादा. त्याच चढावर. गाडी बंद, मागे हॉर्नवर हॉर्न, आणि बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून.

वायरमन : काका, तुम्ही बाकावर बसा, पंख्याखाली. ताई, मागच्या खेपेला मी स्वतः चालवून पाहिली. चढावर नेली, खड्ड्यांतून नेली. काही नाही. माझ्यासमोर ही व्हॅन अगदी शहाण्यासारखी वागते.

लेक : आमच्यासमोर नाही वागत.

वायरमन : फ्यूज दाखवा. हा एवढा मोठा कुणी टाकला?

लेक : भावाने. म्हणाला, छोटा टिकत नाही तर मोठा टाकू.

वायरमन : वा! त्यांना माझा नमस्कार सांगा. अहो, फ्यूज उडतो म्हणून तार वाचते. याहून मोठा टाकला असता तर फ्यूज टिकला असता आणि गाडी पेटली असती.

बाबा : मी सांगतो काय बिघडलंय ते. गाडी कंटाळली. तिला कळलं, मला कळलं, फक्त हिलाच कळत नाही.

लेक : झालं का सुरू, बाबा?

वायरमन : काय कळलं, काका?

बाबा : दिवसाआड डायलिसिसला जायचं, मशीनला टांगून घ्यायचं, घरी येऊन आडवं पडायचं. आता गाडीही नको म्हणते. परवापासून बंद.

लेक : रस्त्यातही हेच. गाडी थांबली की म्हणतात, बघ, कौल मिळाला. दादा, आज हे निस्तरलं नाही ना, तर परवा हे घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. भावाच्या गाडीत बसत नाहीत, रिक्षात हाडं मोडतात म्हणे. आणि न जाऊन कसं चालेल? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

वायरमन : बरं. मग आज फ्यूज लावतच नाही.

लेक : म्हणजे?

वायरमन : त्याच्या जागी हा बल्ब. किती फ्यूज जाळायचे? हा फ्यूज टाकीतल्या पेट्रोल पंपाचा. त्या पंपाचा प्लग मी काढून ठेवलाय, तेव्हा बल्ब पेटायला कारणच नाही. पेटला, तर समजायचं की तार कुठेतरी पत्र्याला टेकली. फिरवा चावी.

लेक : फिरवली. नाही पेटला.

वायरमन : दार आपटा. जोरात. गाडी हलू द्या.

लेक : आपटलं. आता डोकंच आपटायचं राहिलंय.

वायरमन : हं. फ्यूज उडतो तेव्हा गाडीत कोण असतं?

लेक : मी आणि बाबा.

वायरमन : तुम्ही एकट्या असता तेव्हा?

लेक : एकटी... नाही हो. यांना सोडून मी कामावर जाते ना, तेव्हा कधीच नाही उडाला.

बाबा : ऐकलंस? मीच तो.

वायरमन : काका, जरा या. तुमच्या जागेवर बसा.

बाबा : तुम्हीच बसा की.

वायरमन : बसलो असतो. पण तुम्ही नेमके कसे बसता ते मला काय ठाऊक?

लेक : हात द्या, बाबा. हळू.

बाबा : असा बसतो. ह्या कोपऱ्यात, रेलून.

(बल्ब पेटतो.)

लेक : दादा!

वायरमन : बघितला. काका, पुढे सरका. विझला. आता परत रेला. हा पेटला. पंपाची तार ह्या सीटखालून जाते, आणि सीटचा लोखंडी पाय बरोबर तिच्यावर. तुम्ही रेललात की पाय दाबतो, सोललेली तार पत्र्याला लागते.

बाबा : एवढंसं वजन उरलंय माझं, तेही गाडीला झेपेना.

वायरमन : अहो, तिथे पोतं ठेवलं असतं तरी पेटला असता.

बाबा : पोतंच आहे मी आता.

वायरमन : आधी कुठे बसायचात?

लेक : पुढे, माझ्या शेजारी. गेल्या महिन्यात मागे गेले, आणि तेव्हापासूनच हे... बाबा, मागे का गेलात तुम्ही?

बाबा : पाय पसरता येतात.

लेक : कोपऱ्यात अंग चोरून? तिथलं तर मला आरशातसुद्धा काही दिसत नाही.

बाबा : म्हणूनच.

लेक : म्हणूनच काय?

बाबा : येताना पायात गोळे येतात. तोंड वेडंवाकडं होतं माझं. तू रस्ता बघायचा की माझं तोंड? पुढे होतो तेव्हा बघत राहिलीस आणि सिग्नल तोडलास.

वायरमन : ताई, ती पक्कड द्या इकडे. तारेवर नळी चढवतो आणि सीटच्या पायापासून लांब बांधतो.

लेक : घ्या. बाबा, बघितलं नाही म्हणून मला कळत नाही होय? तुम्ही श्वास रोखून धरता, तो ऐकू येतो मला. त्यासाठीच मी रेडिओ बंद ठेवते.

बाबा : मला वाटलं, तोही बिघडलाय.

लेक : नाही हो. चांगला आहे.

वायरमन : झालं. प्लग लावला, बल्ब काढला, फ्यूज टाकला. पाहिजे तोच, छोटा. मारा स्टार्टर.

लेक : झाली सुरू.

वायरमन : काका, कोपऱ्यात रेला. चांगलं दाबून. चालूच आहे बघा. आता तिथे झोपा, नाहीतर नाचा.

लेक : आणि परवाचं काय, बाबा?

बाबा : परवाचं परवा.

लेक : बरं. मागचं दार लावते मग.

बाबा : थांब. उतरव मला. पुढचं उघड. आणि तो रेडिओ लाव.