दुपारची झोप जर्मनीला गेली

...आन् मी म्हणतो, झोपंनं कुणाचं काय वाईट केलंय? सांगा की! तीस वरसं झाली घाटनांदूरात किराणा दुकान घालून. एक वाजला की शटर अर्धं खाली, गल्ल्यामागं चटई टाकली की हा मल्लिकार्जुन आडवा. साखर न्यायला खुद्द सासरा आला तरी चार वाजेपस्तोर उठत नव्हतो. पण पोरगी शिकायला जर्मनीला गेली आन् तुमाला सांगतो, माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

आता तुमी म्हणाल, पोरगी तिकडं, झोप इकडं, संबंध काय? हाय की! शिवकन्या, माझी थोरली, तिथं मोठ्या कॉलेजात मातीत पाणी कसं मुरतं त्याचा अभ्यास करती. शेजारच्या रतनबाई हनुवटीला बोट लावून म्हणल्या, "आप्पा, माती बघायला इतकं लांब? आपल्याकडं मातीशिवाय हाय काय?" मी चहाचा पुडा दिला आन् पैसे गल्ल्यात टाकले. तर गेल्या थंडीत ही पोरगी फोनवर रडायला लागली. पहाटं बेकरीत पाव विकायचे, दुपारनं प्रयोगशाळा, सगळ्या पोरींत मिळून एकच मशीन म्हणून कपडे धुवायचा नंबर आठवड्यातनं एकदा, तो हुकला की आठ दिवस तेच कपडे, आन् मधी अभ्यासाला बसावं तर खोलीत इतकी शांतता की वाचलेलं डोक्यात राहत न्हाई. म्हणली, "आप्पा, मला न्हाई जमत. मी परत येते." आमच्या उमाबाईनं, शिवकन्याच्या आईनं, पदर तोंडाला लावला. मग पोरगीच म्हणली, "दुकानात बसूनच अभ्यास व्हायचा माझा. तुमी फोन गल्ल्यापाशी चालू ठेवता का? नुसता दुकानाचा आवाज येऊ द्या."

ठेवतो की! बापानं न्हाई म्हणायचं असतं का? पण तिची सकाळ म्हणजे आपली टळटळीत दुपार. रस्त्यावर कुत्रं उभं न्हाई आन् मला दुकानाचा आवाज काढायचाय! मग काय... रिकाम्या तराजूत वजनं आपट. डबे खाली काढ, वर ठेव. नसलेल्या गिऱ्हाइकावर खेकस, "आवो, पिशवी नीट धरा!" एकदा संगमेश्वर म्हणून एक पाव्हणा एसटीतनं उतरून प्यायला पाणी मागायला आला, त्याला तासभर तूरडाळीचा भाव करायला बसवलं. दमला बिचारा, शेवटी किलोभर घेऊनच सुटला. वरनं तिच्या खोलीतला कुकर मला ऐकू यायचा, ही पुस्तकात डोकं घालून बसलेली, तर मी घाटनांदूरातनं ओरडायचो, "शिवे, चौथी शिट्टी झाली, शेगडी बंद कर!" तरी तिचा भात करपायचाच, कावून ते काय कळत नव्हतं. असे सात महिने. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

मग तो दिवस आला. प्रबंध द्यायला दोनच दिवस राहिलते, शेवटचं प्रकरण अडकलेलं, ते न्हाई गेलं तर वरीस वाया. उमाबाईनं सकाळीच ताकीद दिली, आज डुलकी घ्याल तर याद राखा. आन् जेवायला तिनंच दह्यासंगं चार धपाटे वाढले! मी किलोचं वजन उचललं एवढं आठवतं... डोळे उघडले तवा चार वाजून गेलते. फोन समोर चालूच. तीन तास, तुमाला सांगतो, तीन तास मी घोरलो. आन् माझं घोरणं असं की समोरच्या गिरणीवाल्याला वाटतं, आपली गिरणी चालूच राहिली का काय. घाम फुटला. पोरीचं वरीस बुडवलं मी, दुसरं काय? फोन उचलला. म्हणलं, "शिवे, चुकलं गं माझं."

तर ती हसतीय. डोळ्यांत पाणी, पण हसतीय. "आप्पा, प्रकरण पुरं झालं. आज कुठं दुकानाचा खरा आवाज आला. तुमी झोपायचात तवाच तर मी गल्ल्यावर बसून अभ्यास करायची, विसरलात का? इतके दिवस तुमची आदळआपट ऐकून मला वाटलं धंदा लई वाढलाय, म्हणून बोलले न्हाई. आवाज बारीक करून ठेवायची. आज घोरणं कानावर आलं आन् मोठा केला."

सात महिने! आवाज बारीक करून! मग मी वजनं कावून आपटली? आन् भात कावून करपायचा, तेबी आता कळलं.

पण झालं ते बेस झालं. प्रबंध गेला, पोरगी पास झाली, सगळ्या गल्लीला पेढे वाटले, जीव कसा गार झाला. आता म्हणती पीएचडी करायची, अजून चार वरसं. आन् हुकूम सोडला, आप्पांनी रोज एक ते चार झोपायचं, न चुकता. उमाबाई पंखा लावती, उशी देती, गिऱ्हाइकाला पायरीवरच अडवून सांगती, "हळू बोला, ह्यांचं काम चालू हाय." आता तुमीच सांगा, पोरीच्या पीएचडीचा भार उरावर घेऊन कुणाला झोप लागंल? माझी दुपारची झोप गेली ती गेलीच... डोळे मिटून पडतो, फोनपाशी तोंड नेतो, आन् चार वाजेपस्तोर खोटंखोटं घोरतो.