समेवर न येणारं गाणं

मी मूळचा कराडकडचा, ताई. पखवाज आमच्या घरात बापापास्नं. हितं कॅनडात मिसिसागाला आलो, सिटीची बस चालवायला लागलो, तरी शनिवारी कुनाच्या तरी बेसमेंटमधी भजन असतंच आन् पखवाज मलाच धरावा लागतो. सोभाव माझा जरा तिखट, कुनी लयीत घसरला की भर भजनात थांबवतो, बायको म्हनती तुमच्यामुळं लोकं गायला भित्यात.

आमच्या डेपोत जोसेफ म्हनून ड्रायव्हर, पोलंडचा, रविवारी चर्चमधी गायचा. काय सांगू तुम्हाला, नुसता ब्रेकरूममधी गुनगुनला तरी लोकं कॉफीचे कप खाली ठिवायची. त्याच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हनले व्हॉइस बॉक्सच काढावी लागंल, जीव वाचंल पर आवाज जाईल. तर हा मला म्हनतो, सर्जरीच्या आदी एकदा शेवटचं गानार हाय, यू कम, ब्रिंग युवर ड्रम.

गानं कुनाचं, इचारलं. म्हनला, लई जुन्या काळी एका मठात साधू व्हता, त्याचं म्हनत्यात. म्हनत्यात म्हंजे? आमच्यात शेवटच्या ओळीत संत आपलं नाव घालतो, इषय संपला. जोसेफ हसला, म्हनला ह्यात नाव न्हाई, दुसऱ्याच कुना साधूनं केलं आसंल आन् लोकांनी ह्याच्या नावावर घातलं आसंल, हू नोज. मी मनात म्हनलं, एवढं गानं करायचं आन् नाव सोडून द्यायचं, केवढं काळीज आसंल त्या मानसाचं!

मग काय, कनीक मळून पखवाजाला लावली, भजनी ठेका मनात धरला आन् चर्चात जाऊन बसलो. जोसेफनं सूर लावला. मी हात उचलून समेची वाट बघतोय, सम काय येईना. ह्या गान्याला तालच न्हाई हो! एक ओळ लांब, एक आखूड, सूर आपला वर जातोय, खाली येतोय. वाटलं चुकतोय, थांबवावं. आन् मग सर्रकन अंगावर काटा आला. तो चुकत न्हवता, माझाच हात तिथं उपरा व्हता. पखवाज बाजूला ठिवला, हात जोडले आन् रडलो, खोटं कशाला सांगू.

सर्जरी झाली, जोसेफ वाचला. गळ्याला भोक हाय, त्यातनं श्वास घेतो, बोलनं बंद. मी रविवारी जातो त्याच्याकडं. तो फोनवर ते गानं लावतो, मग बंद करून माझ्याकडं बोट करतो, तू म्हन. मला शब्द कळत न्हाईत, उच्चार तर इचारूच नका. कुठं थांबावं तेबी पयल्यांदा कळंना. मग ध्येनात आलं, त्याच्या गळ्यातनं श्वासाचा आवाज येतो, तो बरोब्बर ओळ संपली की थांबतो, दुसरी आली की परत सुरू. मी त्याच्या मागनं जातो. देव त्याला सुखात ठिवो. जोसेफ अजून गातोयच की ताई, आवाज तेवढा माझा हाय.