झोपेची तालीम

लेक : नाना, गुडघे जरा पोटाशी घ्या. ठमी पाय पसरून नाही झोपत.

आजोबा : माझ्या नातीला गुडघेदुखी नाही, तिचं काय जातंय! बरं, घेतले. आता पांघरूण?

जावई : पांघरूण नंतर. आधी दात घासायचे, मग पाणी, मग ससा.

आजोबा : दात माझे वाटीत आहेत, तो भाग झाला असं समजा. ससा द्या.

लेक : चेष्टा नको हं. ठमी पाळणाघरातून येईपर्यंतच वेळ आहे आपल्याला. उद्यापासून माझी रात्रपाळी. आज ती बाबाजवळ झोपली नाही, तर मी हॉस्पिटलला फोन करून सांगणार, नोकरी नको म्हणून.

आजोबा : एवढी धडपड करून परत मिळवलेली नोकरी?

लेक : मग काय करू? कालही मी मुद्दाम शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले होते, माझ्याशिवाय झोपते का बघायला. भिंतीतून रडणं ऐकू येत होतं. काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला, तरी येत होतं.

जावई : आणि नाना, मी सगळं हिच्यासारखंच केलं. गोष्टसुद्धा तीच, अस्वलाची. हिच्यासारखाच मध्ये थांबलो, ठमीनं "मग?" म्हणेपर्यंत.

आजोबा : नुसतं सांगू नका, करून दाखवा. हौशी नाटकात मला नेहमी मेलेल्या माणसाचं काम मिळायचं. पडून राहण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

जावई : बरं. गोष्ट संपली. आता पाठीवर थोपटतो.

आजोबा : हात जड पडतोय हो.

लेक : नाही, तेवढाच लागतो तिला.

जावई : ऐकलंत? आता दिवा बंद. डोळे मिटा.

आजोबा : मिटले... मग? पुढे काय? अहो जावईबापू?

लेक : तो बाहेर गेला, नाना.

आजोबा : कधी? पाऊल वाजलं नाही, दार वाजलं नाही!

जावई : वाजेल कसं? बिजागऱ्यांना तेल घातलंय. मी पायमोजे घालून चालतो. घड्याळ काढून कपाटात ठेवलंय. नळ ठिबकतो, त्याखाली फडकं घातलंय.

लेक : वाचनालयात दिवसभर लोकांना गप्प बसवतो ना, ती विद्या घरीही चालवतो.

आजोबा : आणि बाहेर जाऊन काय करता?

जावई : काहीच नाही. खुर्चीत बसतो. श्वाससुद्धा जपून घेतो. पण जरा वेळानं ती उठून बसतेच. "बाबा?" म्हणते. झोपमोड होईल म्हणून मी ओ देत नाही. मग भोंगा सुरू.

आजोबा : असं होय? परत जा बरं बाहेर. ए, तूही जा. दार लावून घ्या.

(बराच वेळ कुणीच बोलत नाही.)

आजोबा : या! या आत, दोघंही या!

लेक : काय झालं, नाना? छातीत दुखतंय का?

आजोबा : नाही ग. तुम्ही दारापलीकडे उभे आहात हे मला माहीत होतं ना? तरी वाटलं, निघून गेलात. घरात कुणी उरलंच नाही. एवढा म्हातारा घोडा मी, घाबरलो! तू रोज तिला थोपटून बाहेर आलीस की काय करतेस?

लेक : काही नाही.

आजोबा : काही नाही म्हणजे?

लेक : म्हणजे ओटा आवरते, भांडी घासते. डब्यांची झाकणं पडतात हातातून. ह्याच्याशी भांडते...

जावई : तेही मोठ्यांदा.

लेक : पण ते काय तिला झोपवणं आहे थोडंच? तोवर तिला झोप लागलेली असते.

आजोबा : लागलेली असते, का त्या आवाजानं लागते?

जावई : थांबा, थांबा. मी भांडी सकाळसाठी ठेवतो. आवाज नको म्हणून.

लेक : मला वाटलं, आळसानं ठेवतोस!

जावई : थोडं तेही.

लेक : पण नाना, खरंच एवढंच असेल? मी धरून चालले होते की तिला मीच हवी. काल पलीकडे बसून मीही रडत होते. आणि रडता रडता कुठेतरी बरंही वाटत होतं.

आजोबा : वाटणारच. आई आहेस. पण करून तर बघू. जावईबापू, नळ सोडा!

जावई : आत्ता? भर दुपारी?

आजोबा : तालीम अर्धी सोडत नाहीत. ते फडकं काढा आधी.

लेक : आणि भांडी अशी अलगद नको ठेवूस, काचेची असल्यासारखी. पडू देत एकमेकांवर. हां, अशी! नाना, आता?

आजोबा : झकास. कढई घेतली वाटतं.

लेक : तुम्हाला रात्री फोन केला की मागे रेडिओ चालूच असतो. मी ह्याला म्हणते, नानांना झोप येत नसणार.

आजोबा : झोप यावी म्हणूनच लावतो. तुझी आई गेल्यापासून. गाणी लागलीत का बातम्या, माझं लक्षही नसतं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी आहे, एवढंच.

लेक : कधी बोलला नाहीत.

आजोबा : मलाच कुठे ठाऊक होतं? आत्ता कळलं, इथे पडल्यावर.

जावई : नाना! झाली सगळी घासून!

लेक : ओरडू नकोस रे, त्यांचा डोळा लागतोय.

आजोबा : ओरडू दे. तू जा उद्या कामाला. आणि त्याला विचार... अजून काही भांडी आहेत का.