सातव्या बोअरचं सोनं

माझं नाव महादेवी, गाव दुबलगुंडी, बिदरकडं, हुमनाबादच्या अंगाला, आमी बसवण्णाला मानणारे, घरात कानडी बी आन् मराठी बी, भांडण कानडीत आन् लाड मराठीत असं समजा. माझा बाप विहिरी खणायचा. आमी त्याला अप्पा म्हणायचो. मी भाकरी घेऊन जायचे आन् काठावर बसून खाली बघायचे, वरी लाल दगड, त्याच्या खाली पांढरी चिकण माती, त्याच्या खाली काळा दगड, आन् मी इचारायचे, अप्पा, काळ्याच्या खाली काय हाय, तर अप्पा म्हणायचे, त्याच्या खाली कोणाचंच घर न्हाई, चल, भाकर दे. पण मला ते पटायचं न्हाई बगा. झोपले की मी खाली खाली जायचे, काळ्याच्या बी खाली.

लगीन झालं तवा सासरी काहीच न्हवतं, मालकानं हळकुंड पिवळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधलं. दहा-बारा वर्सं मी त्या हळकुंडावर काढली. मालक पाण्याच्या बोअरच्या मशीनवर होते, त्या कमाईतनं त्यांनी मला गळ्यातलं केलं, काळी पोत, दोन वाट्या आन् सात मणी, मणी भरीव न्हाईत, लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा, पण सोनंच ते. म्या आरशात किती येळा बघितलं असंल, काय सांगू तुम्हाला, लाज वाटते आता.

मग मालकाला कलबुर्गीच्या बी खाली, सुरपूरच्या अंगाला काम लागलं, तिथं पाण्यासाठी न्हाई, तांब्या-सोन्यासाठी बोअर मारायलेत म्हणले. मी बी गेले संगं. माळावर पत्र्याच्या खोल्या, आन् एक सायेब, डोस्कं पांढरं झालेलं, रिटायर व्हायला आलेले. त्यांची बोली कानडी, मला महादेवम्मा म्हणायचे. मशीन खालून दगडाची कांडी काढायचं, लांब, गुळगुळीत, लाटण्यागत, ती पेटीत ओळीनं मांडायची, मग मधोमध उभी चिरायची, अर्धी पेटीत ठिवायची आन् अर्धी आमी बायका लोखंडी खलात कुटायचो, चाळायचो, पुडी करून ल्याबला पाठवायचो.

सायेब जेवताना सांगायचे, आन् ते सांगणं म्हंजे अप्पानं जे सांगितलं न्हाई ते. म्हणले, तुमच्या बिदरचा काळा दगड कालचं पोर हाय, पातळ होऊन वाहत आला आन् पिठल्यागत पसरला. दक्षिणेला आलं की ते पांघरूण संपतं, मग फरशीचा दगड लागतो, तो समुद्राच्या तळाचा गाळ, इथं समुद्र होता महादेवम्मा. आन् त्याच्या बी पलीकडं हा हिरवट दगड उघडा पडलाय, ह्या सगळ्यांचा खापरपणजोबा, ह्याच्यात गारगोटीच्या शिरा, कुठल्या तरी काळी खालून गरम पाणी वर आलं आन् शिरांत तांबं-सोनं ठिवून गेलं. तांबं मला ओळखू यायचं, तांब्याच्या घागरीला चढतो तसला हिरवा कळंक दगडावर दिसायचा. सोनं मातर दिसत न्हाई. जे चमकतं ते सोनं नसतं, सायेब म्हणायचे, सोनं ल्याबमधीच कळतं.

लई जुन्या लोकांनी तिथं खड्डे केलते. मग निजामाच्या टायमाला कोणी येऊन बघून गेलं म्हणं, मग तंबू ठोकून सर्वेवाले आले, माती चाळून गेले, आन् मग आमचे सायेब, जवान असताना पहिल्यांदा आले, तवापासून त्यांचा जीव ह्याच माळावर. किती तरी बोअर मारले. तांबं थोडं थोडं सापडायचं, सोन्याचा पत्ता न्हाई. खल चालायचा, धप धप धप, दुपारी डोळे जड व्हायचे आन् मला वाटायचं मी समुद्रात हाय, वर उजेड हालायलाय, आन् मासे माझ्या खलात तोंड घालायलेत.

आता खरं सांगायचं ते सांगते. कुटायच्या खोलीचा नेम होता, अंगावर सोनं घालून आत यायचं न्हाई. कणभर बी सँपलमधी गेलं तर सगळं खोटं होतं. बायका गळ्यातलं काढून डब्यात ठिवायच्या आन् तेवढ्यापुरतं हळकुंड बांधायच्या, सवाष्णीचा गळा मोकळा कसा ठिवायचा. म्या कानातली फुलं दिली, हळकुंड बी बांधलं, पण गळ्यातलं काढलं न्हाई, पोलक्याच्या आत दाबून ठिवलं. कामून? एक तर मालक मशीनवर, तिथं डोक्यावर लोखंड लटकलेलं, म्या गळ्यातलं काढलं आन् त्यांना काही झालं तर? आन् दुसरं म्हंजे, बारा वर्सं हळकुंड घातलेल्या बाईला परत हळकुंड घाल म्हणलं की तिचा हात गळ्यातलं सोडायला जातच न्हाई. त्या दुसऱ्या बायांना काय कळणार ते.

एक दिवस न्हाताना बघितलं तर मणी सहाच. घामानं दोरा सडलेला. न्हाणीत हुडकलं, वाटेवर हुडकलं, घोंगडी झटकली. मन एकदा खलाकडं गेलं, म्या त्याला म्हणलं, गप बस.

महिन्यानं रिपोट आला. ह्या खेपेच्या सातव्या बोअरमधी सोनं, आन् थोडंथोडकं न्हाई. सायेबानं सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं, गावातली माणसं बघायला आली, मशीन अजून वर्सभर ऱ्हाणार म्हणले, मालकाला पक्कं करणार म्हणले. मालक त्या दिवशी गाणं म्हणत भाकर खायले, मला आठवतं. कोणती पुडी कोणी, कवा कुटली ते खोलीतल्या वहीत लिवायचे, म्या त्या वहीत बघितलं, आकडे मला येतात. सातव्या बोअरची ती पुडी कोणी कुटली, तर महादेवी. कोणत्या दिवशी, तर न्हाताना मणी कमी दिसला त्याच्या आदल्या दिवशी.

तीन दिवस मी सायेबाच्या म्होरं जायचं टाळलं. अन्न गोड लागंना. सायेब पेटीजवळ बसायचे, कांडीवर हात ठिवून, आजारी लेकराच्या कपाळावर ठिवावा तसा. तिसऱ्या दिवशी फोनवर बायकोला सांगायले, ये इकडं, तू मला जन्मभर येडा म्हणलीस, आता ये आन् बघ. आन् मला हाक मारली, महादेवम्मा, हे तुमच्या हातानं निघालं, तुमचं नाव मी लिहिणार हाय. तिथं माझा बांध फुटला बगा. म्या गळ्यातलं बाहेर काढून त्यांच्या म्होरं धरलं, म्हणलं सायेब, सात होते, सहा हायत.

ते रागवले न्हाईत. रागवले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, म्हणले, ऱ्हायलेली अर्धी कांडी काढा, परत कुटा. म्या गळ्यातलं डब्यात टाकलं, पिवळा दोरा बांधला आन् कुटली. कुटताना बसवण्णाला म्हणत होते, निघू दे, एक कण तरी निघू दे, माझा मणी गेला तो गेला, पण ह्या माणसासाठी निघू दे.

पुडी तातडीनं ल्याबला गेली, चार दिवसांत जबाब आला, काही निघालं न्हाई. थोडं तांबं, बस. मशीन उतरवलं, पत्रे काढले. दोन दिवसांनी मालक म्हणले, केलंस ते बरं केलंस, पण मला इचारायचं होतंस. म्या म्हणलं, इचारलं असतं तर तुमी सांगू नको म्हणला असता. ते म्हणले, व्हय.

निघताना म्या सायेबाच्या पाया पडले, म्हणलं, राग हाय का. म्हणले, राग न्हाई. मग गाडीत बसता बसता म्हणले, तुमी सांगितलं त्याच्या आठ दिवसांनी मी रिटायर होणार होतो महादेवम्मा, आठ दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? हसत म्हणले. ते हसणं अजून माझ्या काळजात हाय. खरं बोलून बी माणसाचं काही तरी हिरावून घेता येतं, हे मला तवा कळलं.

आता आमी बिदरला, मैलूर भागात लेकाजवळ ऱ्हातो. मालक भालकीकडं पाण्याच्या बोअरवर जातात अजून. दुपारी जरा पडले की मी जाते खाली, लाल दगड, पांढरी माती, काळा दगड, मग समुद्र, मग तो हिरवा. सायेब कुठं हायत, हायत का न्हाईत, ठावं न्हाई. परवा आमच्या गल्लीतल्या दोन पोरी आल्या, म्हणल्या, अक्का, सुरपूरच्या अंगाला परत मशीन जायलेत, आमी कामाला जाऊ का. म्या म्हणलं जावा, पोटभर काम करा, पण खोलीत शिरताना अंगावरचं समदं काढून ठिवा, जीव तुटला तरी काढून ठिवा. आन् त्यांच्या डोस्क्यावर हात ठिवला. सापडू दे सोनं, त्यांच्या हाताला सापडू दे, पण बसवण्णा, दगडातलं सापडू दे.